पाण्यावर पेटणारी चूल

"पावणं, जरा हात द्या की," असं म्हणून सर समोरच्याचं मनगट धरायचे. त्याचं बोट आकाशाकडं वळवायचे, स्वतःचा गाल त्याच्या दंडाला टेकवायचे आणि बंदुकीचा नेम धरावा तसा एक डोळा मिटायचे. "ही बगा, बोटाच्या टोकावर. दिसला शुक्र? दिसला नसंल तर न्हाय म्हणा. उगं मान हलवू नका."

तुम्ही कागल, पेठ वडगाव या पट्ट्यातले असाल तर त्यांनी कधीतरी तुमचंही मनगट धरलं असेल. पकड घट्ट असायची आणि तळव्याला रसायनांचा एक आंबूस वास यायचा. बाजारातून घरी निघालेला माणूस पिशवी खाली ठेवून त्यांच्यासोबत वर बघत उभा राहायचा. अशा माणसांना मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे, कारण त्यांच्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांचे फ्लेक्स मी छापायचो आणि बांधायलाही मीच जायचो.

माझं दुकान शाहूपुरीत. मी मूळचा साइनबोर्ड रंगवणारा, म्हणून फ्लेक्सचं मशीन येऊनही लोक मला पेंटरच म्हणतात. सरही "ओ पेंटर!" अशी रस्त्यावरूनच हाक मारत आत यायचे. एका महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवत आणि तिथल्याच प्रयोगशाळेत संशोधन करत. नुसत्या उन्हाच्या जोरावर पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढायचा आणि तो इंधन म्हणून वापरायचा, हा त्यांचा विषय. त्यांच्याकडं काडेपेटीएवढी एक काच होती, तिच्यावर तपकिरी लेप. ती पाण्यात बुडवून उन्हात धरली की तिच्यावर मोहरीएवढे बुडबुडे यायचे. "हे बुडबुडे मोजण्यात माझी जवानी गेली, पेंटर," असं ते एकदा म्हणाले. म्हणताना खूष होते.

त्यांचा पहिला फ्लेक्स मला आठवतो. मथळा होता, 'सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाण्यापासून हायड्रोजननिर्मिती : संशोधनाची सद्यःस्थिती'. त्याखाली गुरू ग्रहाचं मोठं चित्र. मशीनवर त्याच वेळी एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चालू होता. सर दोन्हींकडं आळीपाळीनं बघत राहिले. म्हणाले, "ह्यांचं तोंड गुरूपेक्षा मोठं छापलंय तुमी." मी म्हणालो, "सर, गुरूला मतं मागायची न्हाईत." ते इतक्या मोठ्यानं हसले की शेजारचा चहावाला डोकावून गेला.

त्या कार्यक्रमाला फारसं कुणी आलं नाही. जे आले ते दुर्बिणीसाठी आले आणि शुक्र बघून निघून जाऊ लागले. पण सर त्यांना सोडणाऱ्यातले नव्हते. शुक्र दाखवायचा आणि त्याच दारातून माणसाला ऊर्जेच्या विषयात आणायचं, ही त्यांची पद्धत.

"चांदणी म्हणून बगताय न्हवं? लई देखणी. पन तितं शिसं वितळंल एवढी भट्टी हाय. का? तर शुक्रानं अंगावर कार्बनच्या वायूचं घोंगडं घेतलंय. एकावर एक, एकावर एक. आत आलेली ऊब भाईर जातच न्हाय. आता आपन काय करालोय? कोळसा जाळून, डिझेल जाळून पृथ्वीवर एकेक घोंगडं टाकालोय."

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मग तितल्या लोकांनीबी लई कोळसा जाळला व्हय?"

"न्हाय आजोबा, तितं लोकच न्हाईत."

"मग बरं हाय," म्हातारा म्हणाला आणि बसून राहिला. पुढचं सगळं त्यानं ऐकलं.

त्या काळात त्यांच्या बोलण्यात 'अजून' हा शब्द फार यायचा. अजून हे प्रयोगशाळेतच आहे. अजून त्या काचेवरचा लेप टिकत नाही. अजून वायू साठवायचा प्रश्न सुटलेला नाही. बोलता बोलता ते थांबायचे, मागं यायचे, आधीचं वाक्य दुरुस्त करायचे. लोक जांभया द्यायचे. पण जे ऐकायचे त्यांना बरोबर तेवढंच कळायचं, जेवढं खरं होतं.

मग त्यांनी तो प्रयोग आणला. एक छोटं सौर पॅनेल, त्याच्या तारा पाण्याच्या भांड्यात, त्यातून निघणारा वायू साबणाच्या फेसात. लांब काठीच्या टोकाला काकडा पेटवून फेसाला लावला की फट्! असा आवाज व्हायचा की पहिल्या रांगेतल्या बायका एकमेकींना धरायच्या. लगेच हशा, शिट्ट्या, "पुन्यांदा करा की सर!"

खरं तर हा प्रयोग जुना, पुस्तकातला. त्यांच्या संशोधनातली काच निराळी आणि हे निराळं. सुरुवातीला ते हे सांगायचे. पण फट् झाल्यावर कोण ऐकतं? हळूहळू सांगायचं राहू लागलं. माझ्याकडं छापायला येणारा मजकूरही आखूड झाला. 'संशोधनाची सद्यःस्थिती' गेली. 'अजून' गेला. एके दिवशी त्यांनी मथळा स्वतःच सांगितला, 'पाण्यावर पेटणारी चूल!' आणि म्हणाले, "उद्गारचिन्ह जरा ठळक घ्या, पेंटर." मला तो मथळा आवडला, हेही सांगून टाकतो. लांबून वाचता येत होता.

पेठ वडगावच्या कार्यक्रमाला मैदान भरलं. सरांचा आवाज त्या दिवशी काही वेगळाच लागला होता. फट् झालं, टाळ्या झाल्या, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "सर, हे घरी जमंल काय?"

सर म्हणाले, "न जमायला काय झालं! पानी हाय, ऊन हाय, आनि काय पायजे?"

पुन्हा टाळ्या. खाली उतरले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर लग्नात मिरवून आलेल्या माणसाचं तेज होतं.

फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात मी दुकानाचा फोन नंबर टाकतो. सगळेच टाकतात. पुढं काही आठवड्यांनी त्या नंबरवर एका बाईंचा फोन आला.

"पान्याच्या चुलीचा फ्लेक्स तुमीच छापलासा न्हवं? त्यो सर कुटं भेटंल?"

मला वाटलं कार्यक्रम ठरवायचा असेल. विचारलं, तर त्या म्हणाल्या, "माज्या मालकाचा डोळा गेलाय."

त्यांच्या नवऱ्याचं नाव मिलिंद. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फिटर. त्या दिवशी मैदानातून "घरी जमंल काय" म्हणून ओरडणारा तोच होता. त्यानं भंगारातून एक पॅनेल मिळवलं, घरामागं पाण्याच्या भांड्यात तारा सोडल्या, निघालेला वायू एका बंद कॅनमध्ये साठवला आणि सुट्टीच्या दिवशी बायकोला चहा करून दाखवायचा म्हणून कॅनची नळी शेगडीला जोडून काडी ओढली. जाळ नळीतून मागं गेला. कॅन फुटला. एक तुकडा उजव्या डोळ्यात घुसला.

मी सरांना फोन केला नाही. महाविद्यालयात गेलो आणि प्रयोगशाळेच्या दारात सांगितलं. त्यांच्या हातात ती काच होती. ती त्यांनी फडक्यावर अलगद ठेवली.

"कॅन बंद होता का?" त्यांनी विचारलं. मग स्वतःचं बोलणं स्वतःच्याच कानावर पडलं असावं. त्यांनी तोंडावर हात दाबला आणि तिथल्याच स्टुलावर बसले. "मानूस कसा हाय, हे आदी विचारायचं असतंय," ते म्हणाले. "मी काय विचारलं बगा."

माझ्या मोटरसायकलवर मागं बसून ते हॉस्पिटलला आले. फळं घेऊ म्हणालो, तर नको म्हणाले. "फळं घेऊन जानार? कुठल्या तोंडानं?"

वॉर्डाच्या दाराशीच मिलिंदची बायको भेटली. अंगणवाडीत सेविका होती ती. नोकरीवरून तशीच आली होती. सरांनी हात जोडले. काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "तुमीच व्हय ते? तुमी टाळ्या घेऊन गेलासा. आमी पट्टी बांधून बसलोय." आवाज चढवला नव्हता. अंगणवाडीतल्या पोरांना समजावतात तसं सांगितलं तिनं.

आतून मिलिंदनं आवाज ओळखला. डोळ्यावर जाड पट्टी, अर्धा चेहरा सुजलेला. "सर आलेत व्हय? या की! सर, पेटलं हुतं बरं का. आदी थोडा घेऊन बगितला, तर फट् आवाज आला. डिट्टो तुमच्यासारका!"

तो हसत होता. गुरुजींना वही दाखवावी तसं त्याला दाखवायचं होतं.

सर पलंगाच्या लोखंडी दांडीला धरून उभे राहिले. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर ते निभावून नेऊ शकले असते. त्या हसण्यापुढं त्यांना उभं राहता येईना. "तुझं काहीच चुकलं न्हाय," एवढंच ते कसंबसं म्हणाले आणि बाहेर आले. जिन्यात थांबून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. येणारीजाणारी माणसं वाट काढून जात राहिली.

गावात बातमी पसरली. तुम्हाला वाटेल लोकांनी सरांना धारेवर धरलं असेल. उलट झालं. जो तो त्यांची समजूत घालायला येऊ लागला. माझ्या दुकानात बसूनही काही जण म्हणाले, "तुमचा काय दोष, सर? माणसानं आपलं डोकं वापरायला नको?"

सर खुर्चीवरून उठले. त्यांना तेवढं चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. "त्यानंच वापरलं डोकं! बाकीची हजार डोकी टाळ्या वाजवून घरी गेली. मी काय सांगितलं ते एकट्यानं खरं मानलं, आनि त्याचाच डोळा गेला." मग एकदम आवाज खाली आला. "खरं मानन्यासारखं मी बोललोच नव्हतो."

त्यांनी कार्यक्रम बंद केले. ठरलेले रद्द केले. मग फ्लेक्स उतरवायला निघाले. मी म्हणालो, मी माणूस पाठवतो. त्यांनी ऐकलं नाही. गावोगाव स्वतः गेले, सोबत मी. चौकातले फ्लेक्स निघाले. पण फ्लेक्स चौकात राहतो थोडाच? वडगावजवळच्या एका वस्तीवर त्यांना स्वतःचाच चेहरा गोठ्यावर आडवा पसरलेला दिसला. गालावर शेणाचे शिंतोडे, आणि 'पेटणारी चूल' बरोबर म्हशीच्या डोक्यावर.

"बाई, हे तेवढं मला परत द्या," सर गोठ्याच्या मालकिणीला म्हणाले.

"न्हाय देत," ती म्हणाली. "गळतंय."

"त्यावर खोटं लिवलंय, ताई."

बाईनं वर बघितलं. "म्हशीला कुटं वाचता येतंय?"

मला हसू फुटलं. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्याकडून कोरी ताडपत्री घेऊन ते एकटेच तिकडं गेले, गोठ्यावर चढून ती बांधली आणि फ्लेक्सची घडी काखेत मारून आले. त्यांच्या कोपराला खरचटलं होतं. बाईनं चहा पाजला, म्हणाले.

मिलिंदच्या घरी ते जात राहिले. त्याला कंपनीनं मशीनवरून काढून स्टोअरला बसवलं होतं. सर जायचे, ओसरीत बसायचे, "चुकलं माझं" म्हणायचे आणि उठायचे. एकदा मी सोबत होतो. भिंतीवर बुद्धाचं चित्र, खाली ताजी फुलं. मिलिंद शेजारी बसून चाळा म्हणून एक नटबोल्ट फिरवत होता. सरांनी पुन्हा तेच म्हटलं. मिलिंदची बायको चहाचे कप उचलून आत गेली. मिलिंदला काहीतरी विचारायचं होतं असं मला वाटलं. पण सर तोवर चपला घालत होते.

शेवटी त्यांनी ठरवलं की जिथं बोललो तिथंच पुन्हा बोलायचं. माझ्याकडं मजकूर घेऊन आले, 'त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं. उरलेलं ऐकायला या.' चित्र नको म्हणाले. स्वतःचा फोटोही नको.

पेठ वडगावला संध्याकाळी लोक आले. पहिल्यासारखे नाहीत, पण आले. सर उभे राहिले. माइक असूनही त्यांचा आवाज मागंपर्यंत पोचत नव्हता. ते म्हणाले, "इथं मी म्हनलं की हे घरी जमंल. ते जमत न्हाय. मला ठाऊक हुतं जमत न्हाय. तरी मी म्हनलं, कारण तुमी टाळ्या वाजवालतासा आनि मला ते गोड वाटालतं. त्यापायी एका माणसाचा डोळा गेला."

ऐकताना माझीही मान खाली गेली होती. मग कडेनं कुणीतरी म्हणालं, "असू दे की सर, जाऊ दे! ते फट् करा एकदा!" काही जण हसले. सर तसेच उभे राहिले. ते हसणं त्यांनी अंगावर पडू दिलं.

तेव्हा बायकांच्या बाजूनं मिलिंदची बायको उठली, आणि तिच्या पाठोपाठ पुरुषांच्या बाजूनं मिलिंद. काळा चष्मा लावलेला. हसणारे थांबले.

"सर," मिलिंद म्हणाला, "तुमी घरी येऊन चुकलं, चुकलं म्हनतासा. डॉक्टर म्हनला, मूर्ख हाईस. कंपनीत म्हनतात, शाना निघालास. पन नेमकं काय चुकलं ते मला अजून कुनीच सांगितलं न्हाय. कॅन का फुटला?"

मी सरांकडं बघत होतो. हॉस्पिटलच्या जिन्यात त्यांचा चेहरा जसा झाला होता, त्याहून वाईट झाला. इतक्या वेळा माफी मागितली होती आणि ज्या कामासाठी आयुष्य घालवलं ते एक काम या माणसासाठी केलं नव्हतं. त्याला समजावून सांगितलं नव्हतं.

ते व्यासपीठावरून खाली आले. माइक वरच राहिला. मिलिंदसमोर मातीत उकिडवे बसले आणि बोटानं रेघा ओढू लागले. लोक जवळ सरकले, म्हणून मला ऐकू आलं. पाण्यातून एक वायू निघत नाही, दोन निघतात. एक जळणारा, एक जाळायला मदत करणारा. तुझ्या कॅनमध्ये दोन्ही एकत्र शिरले. घरच्या सिलेंडरमधला गॅस आतल्या आत जळत नाही, कारण आत हवा नसते; तुझ्या कॅनमध्ये जळायला लागणारं सगळं आत तयारच होतं, फक्त काडी बाहेर होती. त्या दोघांना वेगळं ठेवायचं, गळू द्यायचं नाही, जाळ मागं येऊ द्यायचा नाही, यासाठी जगभर माणसं काम करत आहेत. मी त्यातला एक आणि फार लहान. माझ्या काचेवर दिवसभरात जेवढा वायू निघतो, त्यावर एक कप चहाही होत नाही. होईल का, मला माहीत नाही. होईल असं वाटतं, म्हणून करतो.

मध्येच मिलिंद "थांबा, ही नळी कुटली?" असं विचारायचा आणि सर पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. कुणी टाळी वाजवली नाही.

"आता कळलं," मिलिंद म्हणाला.

"कळून डोळा येतोय काय?" त्याची बायको म्हणाली.

"न्हाय," सर म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतरही त्यांनी कार्यक्रम केले, पण शाळांच्या अंगणात, पाच-पंचवीस माणसांपुढं. फेसाचा प्रयोग पुन्हा केला नाही. दर वेळी सुरुवातीला तो अपघात सांगायचे, मग पुढचं. कधीकधी मिलिंदही यायचा. एकदा कागलजवळच्या शाळेत शनी दाखवत होते. रांगेत मिलिंदची पाळी आली. त्यानं चष्मा काढला, डावा डोळा दुर्बिणीला लावला आणि बघता बघता म्हणाला, "सर, ह्याला एकच डोळा लागतोय की!" रांग हसली. तोही हसला. सर दुर्बीण धरून उभे होते, ते अंधारात आणखी मागं सरकले.

निवृत्तीनंतर ते मुलीकडं धारवाडला राहायला गेले. सोडायला मी बसस्थानकावर गेलो होतो. सामान थोडंच होतं. खिडकीची जागा मिळाली. शेजारी निपाणीची एक बाई मांडीवर भाजीची पाटी घेऊन बसली होती. तिनं त्यांना विचारलं, "काय करतासा, काका?"

"मास्तर हुतो."

"कशाचं मास्तर?"

एरवी या प्रश्नाला सरांनी समोरच्याचं मनगट धरणं ठरलेलं. आता हात मांडीवर तसाच राहिला. मला वाटलं, उत्तर देणारच नाहीत. बस सुरू झाली, मी हात हलवला, त्यांचं लक्ष नव्हतं. बस फाटकाकडं वळली तेव्हा काचेतून मला दिसलं की ते त्या बाईकडं वळून बसलेत आणि काहीतरी सांगताहेत. दोन शब्द बोलत होते, थांबत होते, नकारार्थी मान हलवून पुन्हा पहिल्यापासून सांगत होते. आणि ती बाई पाटीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होती.